मागे घेतलेली माफी पुन्हा दप्तरी दाखल करून घेणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
विमा तक्रार कक्ष,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली.

विषय : अर्जदाराने कामगाराकडे मागितलेली व नंतर मागे घेतलेली माफी पूर्ववत दाखल करून घेणे, आणि ती मागे घेण्याचे प्रतिज्ञापत्र रद्द समजणे.

संदर्भ : १) विमा कंपनीचे दावा नाकारल्याचे पत्र, दि. २ एप्रिल.
२) त्याच कंपनीचे तोच दावा उलट कारणाने नाकारल्याचे पत्र, दि. १३ मे.

महोदय,

१. माफी मागून अर्जदाराला काय मिळणार होते, याचा हिशेब सुरुवातीलाच दिलेला बरा. कारण पुढे ज्याने त्याने हाच प्रश्न विचारला आहे. अर्जदार हा चादरी धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या लाँड्रीचा मालक. कामाला अकरा बायका. दि. ७ मार्च, गुरुवारी, सकाळी अकरा-चाळीसला त्यांतल्या सर्वांत जुन्या कामगार, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्यांचा उजवा हात चादरीबरोबर रोलर इस्त्रीच्या मशीनमध्ये गेला. संध्याकाळी हॉस्पिटलात अर्जदाराने त्यांची माफी मागितली. अपेक्षित फायदा असा : मावशी कोर्टात जाणार नाहीत, उरलेल्या दहाजणी शुक्रवारी कामावर येतील, आणि घरी पत्नी ताट वाढून समोर बसेल, ताट ठेवून आत निघून जाणार नाही. तिन्ही गोष्टी मिळाल्या. रुपयात चार आणे खरा पश्चात्तापही होता, पण तो हिशेबात धरण्याची रीत नाही.

२. अर्जदार कामगार अपघात विम्याचा हप्ता नऊ वर्षे न चुकता भरत आला आहे. विम्याचा एजंट म्हणजे अर्जदाराचा सख्खा मेहुणा. तो दरवर्षी चेक न्यायला बरोबर जेवणाच्या वेळेस येतो आणि जाताना सांगतो, "दाजी, तुम्ही निर्धास्त झोपा. कामगाराला काही झालंच तर कंपनी बसलीये." अर्जदार नऊ वर्षे निर्धास्त झोपला. पॉलिसीची पाने बारा आहेत. त्यातले सातवे पान अर्जदाराने पहिल्यांदा वाचले ते एप्रिलमध्ये, नवा चष्मा करून घेतल्यावर.

३. माफीच्या मजकुरावरून वाद असल्याने ती कशी घडली हे जसेच्या तसे देणे भाग आहे. स्त्रियांचा विभाग, खाट क्रमांक नऊ. ऑपरेशन होऊन मावशी नुकत्याच शुद्धीवर आल्या होत्या. दोन बोटे काढावी लागली होती. उरलेली दोन राहिली, पण वाकत नाहीत. उशाशी त्यांची मुलगी बसली होती, ती औषधांच्या दुकानात बिले करते. वॉर्डच्या सिस्टर शेजारच्या खाटेचे सलाईन बदलत होत्या. अर्जदार म्हणाला, "मावशी, चूक माझी आहे. तुमचा काडीचा दोष नाही. मला माफ करा."  मावशी डाव्या हाताने अंगाखालच्या चादरीची कड चाचपून म्हणाल्या, "ही आपल्याकडचीच आहे, मालक. पण घडी माझी नाही." सदर हॉस्पिटल अर्जदाराचे जुने गिऱ्हाईक आहे. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आजचा माल गेला का?" अर्जदाराने गेला म्हणून सांगितले. गेला नव्हता.

४. दि. १९ मार्चला कंपनीचे तपासनीस लाँड्रीत आले. गृहस्थ बोलायला साखरेसारखे. चहा घेतला, दुसरा कप आपण होऊन मागितला, मशीनची मापे घेतली, कामाच्या वेळा लिहून घेतल्या. निघता निघता सहज विचारावे तसे म्हणाले, "बाईंना भेटायला गेला होतात की नाही?" अर्जदारास वाटले, चांगल्या वागणुकीचे गुण मिळताहेत. त्याने सगळे सांगितले, वर थोडी फोडणीही दिली. "हात जोडून माफी मागितली साहेब. चूक माझीच, असं तोंडावर सांगितलं." हात जोडले नव्हते. तपासनीस म्हणाले, "याला मन मोठं लागतं हो. आजकाल कोण कुणाची माफी मागतो?" आणि खिशातून पेन काढले. तोवरचे सगळे त्यांनी पेन्सिलीने लिहिले होते. हे एवढेच शाईने लिहिले. अर्जदाराने खाली सही केली. ती नेहमीपेक्षा जरा मोठीच आली आहे, हे प्रतीवरून दिसेल.

५. त्यावर संदर्भ क्रमांक एकचे पत्र आले. त्यात असे आहे की, अट क्रमांक सहानुसार विमाधारकाने कंपनीच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय कोणाहीकडे आपली चूक मान्य करावयाची नाही. विमाधारकाने ती मान्य केली. सबब दावा नामंजूर. म्हणजे खाटेशी उभे राहिल्यावर अर्जदाराने तोंड मिटून परत फिरायचे, कंपनीस अर्ज करायचा, आणि मंजुरी आल्यावर वाईट वाटून घ्यायचे. मंजुरीस तीन आठवडे लागतात, असे चौकशीअंती समजले. पत्राच्या शेवटी मात्र एक फट ठेवली होती : विमाधारकाने सदर मान्यता ज्यांच्यासमोर दिली त्यांच्यासमोरच बिनशर्त मागे घेतल्यास प्रकरणाचा फेरविचार करता येईल.

पत्र वाचून मेहुणा त्याच दिवशी आला, पुन्हा जेवणाच्याच वेळेस. "दाजी, तुम्हाला तोंड उघडायला सांगितलं कुणी? बावीस वर्षांत ताईची एकदा माफी मागितली नाहीत, आणि नेमकी तिथेच मागायची होती?"  पत्नी वाढत होती. तिचा हात थांबला, आणि तिलाही याचे उत्तर ऐकायचे आहे असे दिसले.

६. अर्जदार वकिलांकडे गेला. वकीलसाहेबांनी दप्तर उलथेपालथे केले आणि म्हणाले, "माफी मागे घेण्याचा मसुदा माझ्याकडे नाही. भाडेकरार रद्द करण्याचा आहे, त्यातच फेरफार करू." तसा तो केला. त्यातले कलम तीन असे : "सदर माफी लिहून देणार यांनी ज्या स्थितीत दिली त्याच स्थितीत, नैसर्गिक झीज वगळता, आज रोजी परत आपल्या ताब्यात घेतली असून तिच्यावर आता कोणाचाही हक्क अथवा बोजा उरलेला नाही." हे वाचून अर्जदारास हसू आले. फी ऐकून ते गेले.

कलम चारवर मात्र अर्जदार अडला. रोलरच्या तोंडापुढे एक आडवी लोखंडी पट्टी असते. तिला बोट लागले की मशीन जागच्या जागी थांबते. कलम चारात लिहिले होते की, अपघाताच्या वेळी ही आडपट्टी जागेवर व चालू होती, आणि अपघात कामगाराच्या गाफीलपणामुळे झाला. त्याखाली मावशींनी "मान्य" म्हणून लिहून द्यायचे. अर्जदाराने विचारले, हे कशाला? वकीलसाहेब म्हणाले, "अहो, नुसती माफी मागे घेऊन भागत नाही. ती मागे घेतली की चूक मोकळी होते. तिला कागदावर कुठेतरी बसवावं लागतं."

७. दि. २१ एप्रिलला अर्जदार वकिलांच्या कारकुनास घेऊन मावशींच्या घरी गेला. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, वर चढायला लोखंडी जिना. कारकुनाने कागद मोठ्याने वाचला. मुलीने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे काका, चूक आईची?"

"कागदापुरती, बाळ."

"बोटंही कागदापुरतीच गेली असती तर बरं झालं असतं."

"गप गं तू," मावशी म्हणाल्या. "मालक, याने पैसे मिळतील ना पण?"

"मिळतील, असं वकील म्हणतात."

"मग आणा तो कागद. बोटं तर गेलीच. आता खोटं बोलून काही पदरात पडत असेल तर तेही डाव्या हाताने करू."

मावशींना सही येते, पण ती उजव्या हाताची. म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. शाई पुसायला मुलीने फडके दिले नाही. कारकुनाने आपला रुमाल दिला. मग अटीप्रमाणे अर्जदारास तोंडानेही बोलावे लागले. तो म्हणाला, "मावशी, मी माफी मागे घेतो." मावशी म्हणाल्या, "घ्या."

८. दुसऱ्या साक्षीदार वॉर्डच्या सिस्टर. त्यांची बदली रात्रपाळीला झाली होती, मग त्या रजेवर गेल्या, अशी अकरा दिवस वाट पाहून दि. २ मे रोजी अर्जदाराने त्यांना औषधांच्या कपाटापाशी गाठले आणि त्यांच्यासमोर माफी दुसऱ्यांदा मागे घेतली. सिस्टरांनी सही केली. कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाल्या, "इथे रोज कुणी ना कुणी माफी मागतं. परत न्यायला आलेले तुम्ही पहिलेच."

९. यानंतर संदर्भ क्रमांक दोनचे पत्र आले. त्याचा आशय असा : विमाधारकाच्याच प्रतिज्ञापत्रानुसार अपघातात विमाधारकाची चूक नाही. पॉलिसी ही विमाधारकाच्या चुकीतून येणाऱ्या जबाबदारीपुरती आहे. चूक नाही, म्हणून जबाबदारी नाही. जबाबदारी नाही, म्हणून देय रक्कम निरंक.

अर्जदार दोन्ही पत्रे घेऊन कंपनीच्या खिडकीवर गेला. आतल्या मुलीने ती शेजारी शेजारी ठेवून वाचली. तिला खरोखर वाईट वाटले असावे. आवाज खाली आणून ती म्हणाली, "काका, चूक तुमची म्हणालात, तर अट मोडली. चूक तुमची नाही म्हणालात, तर आमचा संबंध नाही. तुम्ही गप्प बसायला हवं होतं."

"खाटेशी उभं राहून?"

"जायचंच नव्हतं हो. फुलं पाठवायची. फुलांवर सही नसते."

१०. दुसऱ्या पत्राची प्रत कंपनीने मावशींनाही पाठवली. त्यात "आपल्या गाफीलपणामुळे" हे शब्द तीनदा आहेत. मावशींची मुलगी ते पत्र घेऊन लाँड्रीत आली, गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाली, "साहेब, हे तुमचं आहे, चुकून आमच्याकडे आलंय." तिने अर्जदारास त्याआधी कधी साहेब म्हटले नव्हते. जाता जाता तिने एक गोष्ट सांगितली, आणि हा अर्ज त्या गोष्टीमुळे लिहिला जात आहे. मावशी हल्ली शेजारणींना सांगतात की हात माझ्याच हलगर्जीपणाने गेला. आधी कागदाला धरून राहायचे म्हणून सांगत असत. आता त्यांना ते खरे वाटू लागले आहे. रात्री उठून बसतात आणि म्हणतात, "एकोणीस वर्षं त्या मशीनवर हात चालवला, आणि त्या दिवशी कुठे होतं गं माझं लक्ष?"

११. त्यांचे लक्ष कामावरच होते. पुढील मजकूर याआधीच्या कोणत्याही कागदात नाही, म्हणून तो सावकाश लिहिला आहे.

चादरीची जाड किनार आडपट्टीला घासली की मशीन थांबत असे. दिवसातून तीसेक वेळा. दर वेळी मागे जायचे, बटण दाबायचे, रोलर पुन्हा तापायची वाट पाहायची. मिळून तासभर जात असे. एका तासात नव्वद चादरी होतात. सोमवारी, दि. ४ मार्चला, अर्जदाराने एका फाटक्या चादरीची किनार फाडून त्या किनारीने आडपट्टी मागच्या दांड्याला बांधून टाकली. स्वतःच्या हाताने, दुहेरी गाठ मारून. सगळ्यांना म्हणाला, "चार दिवस हात सांभाळून करा, रविवारी कारागीर बोलावतो." कोणी तक्रार केली नाही. उलट मावशीच म्हणाल्या, "बरं केलंत मालक, डोकं उठवलं होतं तिने." तीन दिवस मशीन एकदाही थांबले नाही. गुरुवारीही ते आपण होऊन थांबले नाही. समोरच्या बाजूला चादर ओढून घेणाऱ्या बाईंनी धावत येऊन लाल बटण दाबले तेव्हा थांबले.

मावशींना टेंपोत घालून सगळ्याजणी हॉस्पिटलकडे निघाल्या. टेंपोतून हाक आली, "मालक, चला ना." अर्जदार म्हणाला, "मेन स्विच बंद करून आलोच." मेन स्विच आधीच बंद होता. अर्जदाराने कात्री घेतली, किनार कापली, खिशात घातली, पट्टी दोनदा हलवून बरोबर जागेवर बसल्याची खात्री केली, हात धुतले आणि मग निघाला. यास पंचवीस मिनिटे लागली. दाव्याच्या फॉर्ममध्ये या पंचवीस मिनिटांसाठी रकाना नाही आणि तपासनीसांनीही ती विचारली नाहीत. त्या संध्याकाळी खाट क्रमांक नऊपाशी माफी मागितली तेव्हा किनार अर्जदाराच्या पँटच्या खिशातच होती. कोणत्या चुकीची माफी मागतो आहे ते त्याने सांगितले नाही. मावशींनी विचारले नाही. तेव्हा त्यांना ते माहीत होते. आता त्या विसरत चालल्या आहेत, आणि त्यांना विसरायला लावण्याचे काम अर्जदाराने रीतसर शुल्क भरून केले आहे.

१२. गेल्या रविवारी अर्जदार तो लोखंडी जिना पुन्हा चढला आणि हे सारे मावशींना सांगितले. चूक माझी, पट्टी मी बांधली, किनार मी कापली. मावशींनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "आता कशाला परत, मालक? एकदा दिलीत, एकदा नेलीत. माझंच लक्ष नव्हतं." आणि डाव्या हाताने चहा करायला उठल्या. अर्जदाराने तो घेतला. कप भरताना बराच सांडला, पण मुलीने त्यांना मदत केली नाही, आणि अर्जदारालाही करू दिली नाही.

१३. तरी आपणांस विनंती अशी की, प्रतिज्ञापत्र खोटे म्हणून रद्द समजावे. त्यावरील मावशींचा अंगठा अर्जदाराने घेतला आहे, सबब त्यांच्यावर कसलाही ठपका ठेवू नये. अर्जदाराची दि. ७ मार्चची माफी वर दिलेल्या कारणासह दाखल करून घ्यावी. याने दावा कायमचा बुडतो, आणि सुरक्षा पट्टी बांधल्याबद्दल व पुरावा लपवल्याबद्दल अर्जदारावर खटला होऊ शकतो, याची अर्जदारास कल्पना आहे. या अर्जाची एक प्रत कारखाना निरीक्षकांकडे आजच दिली आहे. वकीलसाहेबांनी हा अर्ज वाचून "हे देऊ नका" असा सल्ला दिला. त्याची फी घेतली नाही. त्यांनी दिलेला हा एकच फुकट सल्ला, म्हणून तो मानलेला नाही.

शेवटची मागणी एवढीच की, आपल्या कार्यालयाने मावशींच्या नावे एक पत्र काढावे. त्यात अटी, कलमे, संदर्भ काही नकोत. अपघाताच्या वेळी आडपट्टी मालकाने बांधून ठेवली होती, आपले लक्ष कामावर होते, आपला दोष नव्हता, एवढेच मोठ्या अक्षरांत लिहावे व खाली गोल शिक्का मारावा. अर्जदाराच्या तोंडचे त्या आता मानत नाहीत. शिक्का मानतात, शिक्क्याच्या कागदात लिहिले म्हणूनच त्यांना स्वतःचा दोष खरा वाटू लागला. पत्र दुपारी चारनंतर पोचेल असे पाहावे, म्हणजे वाचून दाखवायला मुलगी घरी असेल.

शिक्क्याची वाट पाहत,

(सही)
अर्जदार, लाँड्रीचा मालक
दि. २७ मे

सोबत :
१) कंपनीची दोन्ही पत्रे.
२) प्रतिज्ञापत्राची प्रत.
३) चादरीची किनार, नग एक, लांबी दीड हात, गाठीसह. (फाईलला टाचू नये, पाकिटात ठेवावी.)
४) या प्रकरणात कोणी काय भरले, त्याचा तपशील खालीलप्रमाणे.

कंपनीने : निरंक.

मेहुण्याने : निरंक. यंदाच्या नूतनीकरणाचे कमिशन त्याला मिळाले आहे.

वकीलसाहेबांनी : भाडेकराराचा एक छापील कागद. तो फीमध्ये वसूल.

अर्जदाराने : रोलर मशीन. ते विकून आलेली सर्व रक्कम दि. २५ मे रोजी मावशींच्या खात्यात भरली. हॉस्पिटलचे बिल भागून त्यांना सात महिने पुरेल.

मावशींनी : दोन बोटे पूर्ण, दोन अर्धी, आणि एकोणीस वर्षांच्या कामावरचा स्वतःचा भरवसा.

मशीन गेल्यामुळे हॉस्पिटलच्या चादरी गेल्या, आणि लाँड्रीत आता चौघींना पुरेल एवढेच काम उरले आहे. बाकीच्या सहाजणींनी पट्टी बांधली नाही, माफी मागितली नाही, मागे घेतली नाही, कशावर सही केली नाही. त्यांनी : नोकरी, १ जूनपासून.